डोक्यावरचं लग्न

पाहुणा दारातून वाकून आत आला रे आला, की म्हातारा त्याचा हात धरून भिंतीवर दाबायचा. "कसं लागतंय? बोला की!" पाहुणा 'गार' म्हणेपर्यंत सुटका नसे. मग म्हातारा लढाई जिंकल्यासारखा हसायचा. "मग? वर काय ठेवलंय?"

वर म्हणजे आम्ही सगळे. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी ईट गावात मास्तर होतो. म्हाताऱ्याने टेकडीचा मुरूम पोखरून घर केलं होतं. पुढे एक भिंत, एक दार, बाकी सगळी टेकडी. छतावर हातभर माती, आणि ते छत माझ्या अंगणाला इतकं लागून, की माझी शेळी दिवसभर त्याच्या डोक्यावर चरायची. गावाने त्याचं नाव घूस ठेवलं होतं.

पण खरं ते सांगावं. वैशाखात त्या घराची सर कुठल्याच घराला नव्हती. आम्ही पत्र्याखाली भाजून निघायचो आणि तो घोंगडी पांघरून घोरायचा. खालच्या आळीतली छपरं जळाली तेव्हा त्याला धगसुद्धा लागली नाही. श्रावणात मात्र भिंती पाझरायच्या, ज्वारीला बुरशी यायची आणि चुलीचा धूर आतच घुटमळायचा. उजेडासाठी छताला एक भोक ठेवा, म्हणून त्याची मुलगी सुंदरा सारखी विनवायची. "भोक पाडलं की ऊन शिरतं, पाणी शिरतं, मग माणसं शिरत्यात," हे उत्तर ठरलेलं. असा हेकट माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

सुंदराची आई लवकर गेली होती. पोरीचं लग्नाचं वय टळत चाललेलं. एका उन्हाळ्यात परंड्याकडचे लोक तिला बघायला आले. गारव्यात बसून खूश झाले, पोहे खाल्ले. मग त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरीला जरा उजेडात आणा की. हितं हाताचं बोट दिसंना."

म्हातारा भडकला. "माझी लेक काय बाजारातलं जनावर हाय? बघायचं तर हितंच बघा!"

पाहुणे उठले ते उठलेच. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की पोरीच्या अंगावर कोड आहे, म्हणून बाप अंधारात दाखवतो. पुढे त्या दारात एकही स्थळ आलं नाही.

"आबा, तिला एकदा वर अंगणात बसवा. लोकांची तोंडं बंद होतील," मी म्हणालो.

"लोकांस्नी काय दाखवायचं, मास्तर? वर काय ठेवलंय?"

शेवटी पोरीनेच ठरवलं. बाजारच्या दिवशी भर दुपारी ती बाजारात मधोमध जाऊन उभी राहिली. चोळीच्या बाह्या वर सारल्या, लुगडं पोटरीपर्यंत धरलं. उन्हाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघा! कुठं हाय डाग? बघून घ्या समद्यांनी!"

सगळ्यांनी पोटभर बघितलं. डाग नव्हता. तरी एक भाजीवाली म्हणालीच, "डाग न्हाय, पर बया किती पांढरी! समद्या अंगालाच असंल."

सुंदरा घरी परतली तर दाराला आतून कडी. "वर गेलीस न्हवं? मग वरच ऱ्हा," एवढंच आतून ऐकू आलं. माझ्या बायकोने तिला आमच्याकडे आणलं. बाजारातली हकिगत नळदुर्गच्या एका ट्रकवाल्या बिजवराच्या कानावर गेली. तो म्हणाला, "मला अशीच बायको पायजे." एवढ्या माणसांत शहाणा तो एकटाच.

लग्न माझ्या अंगणात झालं. जागा पुरेना, तेव्हा वऱ्हाड आणि वाजंत्री सरकत सरकत म्हाताऱ्याच्या छतावर गेली. मी खाली जाऊन दोनदा दार ठोठावलं. कडी निघाली नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, सुंदरा ट्रकमध्ये बसून गेली.

दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं. मी वाकून आत गेलो. धुतलेलं धोतर नेसून, नवा फेटा बांधून म्हातारा चुलीपाशी बसला होता. फेट्यावर, खांद्यावर छताची माती पडलेली.

"वाजंत्री झ्याक होती," तो म्हणाला. "समदं ऐकू आलं. फकस्त बोलणं कळंना. जाताना माझं नाव काढलं का तिनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या सकाळी मला त्याची कीव येत नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "जाताना दार लोटून घ्या."