पहिल्या पातळीची कादंबरी

पारखीबाई स्पॅनिश शिकवत. पण त्यांना विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "शिकवतं काय, कुणीही. मी पुस्तकं निवडते."

नाव त्यांना वर्गानंच ठेवलेलं. भाषासंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत त्यांचं काचेचं कपाट होतं. त्याचं एक दार बिजागरीतून निसटलेलं, त्यामुळे ते उघडायचं म्हणजे आधी खांद्यानं उचलून धरायला लागे. खालच्या फळीवर नवशिक्यांच्या कादंबऱ्या, मधल्या फळीवर थोडं बोलता येणाऱ्यांच्या, आणि वरच्या फळीवर "आता तुमचं तुम्ही बघा"वाल्यांच्या.

विद्यार्थ्याला पुस्तक देण्याची त्यांची रीत ठरलेली होती. त्याला उभं करायचं, पुस्तक मधेच उघडून हातात द्यायचं आणि मोठ्यानं वाचायला लावायचं. शब्द अडला की एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ वळली, की पुस्तक खाली ठेवायचं. कुणी पहिलं पान उघडलं तर त्या लगेच अडवत. "पहिल्या पानावर लेखक पाहुण्यासारखा वागतो हो. मधल्या पानावर घरच्यासारखा. संसार घरच्याशी करायचाय ना?"

ही झाली शब्दांची परीक्षा. गोष्टीची परीक्षा घरी व्हायची, सासूबाईंकडे. सासूबाईंना स्पॅनिशचं ओ की ठो कळत नसे. पारखीबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता कादंबरी सांगत आणि सासूबाई खुर्चीत बसून ऐकत. त्यांनी "मग?" म्हटलं की पुस्तक पास. "दिवा मालव गं," म्हटलं की नापास. अर्थात, भांडण असलेलं कुठलंही पुस्तक सासूबाईंना आवडे, त्यामुळे त्यांचा कौल जरा जपूनच धरावा लागे.

एवढं सगळं करूनही मागच्या वर्षी पारखीबाईंचा अंदाज सपशेल चुकला होता. एका जाडजूड कादंबरीच्या त्या प्रेमात पडल्या. तिसऱ्याच परिच्छेदात मुठी वळत होत्या, तरी त्या म्हणत राहिल्या, "थोडं थांबा, पुढे सोपं आहे." पुढे सोपं नव्हतं. एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि सहामाही संपायच्या आधीच तो वर्ग बंद झाला.

त्यावर व्यवस्थापक एक शब्द बोलले नाहीत. ते संस्थापकांचे जावई, म्हणून माघारी सगळे त्यांना जावईसाहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता. पंखा बिघडला तर स्वतः स्टुलावर चढून बघायचे. पण या वर्षी त्यांनी एक संगणक प्रणाली आणली. पुस्तकातली वाक्यं किती लांब आणि शब्द किती वापरातले, हे मोजून ती पुस्तकाची पातळी सांगायची. तिच्यासोबत तीन रंगांचे डबे आले. पहिल्या पातळीला हिरवा, दुसरीला पिवळा, तिसरीला लाल. डब्याबाहेरचं पुस्तक वर्गात आणायचं नाही, असा नियमही आला.

हिरव्या डब्यातून पहिल्या पातळीच्या संध्याकाळच्या वर्गाला जे पुस्तक मिळालं, त्यात एक मांजराचं पिल्लू आपला चेंडू शोधत होतं.

वर्गात एक बसचालक होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तिचा मुलगा आता बोलायला लागला होता आणि बोलत होता फक्त स्पॅनिश. फोनवर नातू बडबडे आणि आजोबा नुसते हसत. हसून हसून गाल दुखले तेव्हा त्यांनी वर्गात नाव घातलं. त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटून बाकावर ठेवलं.

"बाई, चेंडू पलंगाखाली आहे. चित्रात दिसतोय. त्या पिल्लाला सांगून टाका आणि मला घरी जाऊ द्या."

वर्ग हसला. फक्त औषधाच्या दुकानवाल्या काकू हसल्या नाहीत. त्यांना पिल्लू मनापासून आवडलं होतं. "आपली पातळी पहिली आहे ना? मग हेच झेपणार."

"पातळी पहिली माझ्या भाषेची," ड्रायव्हरकाका म्हणाले. "माझी नाही. मी रोज बसभर माणसं डोंगरावरून उतरवतो. मला कुणी विचारतं का, चेंडू कुठाय म्हणून?"

पारखीबाईंना ते झोंबलं, कारण पटलं. सुट्टी लागली तशी त्यांनी कपाट रिकामं केलं. सोप्या वाक्यांची एक रहस्यकथा हाती आली. पण तिच्यात इतकी पात्रं की नावं लक्षात ठेवता ठेवताच माणूस थकेल. दुसरीत शब्द सगळे ओळखीचे, पण नायक एकच विचार पानोपानी घोळवत बसे. तिसरी चांगली होती. फक्त पोरांच्या टवाळ बोलीत लिहिलेली, ती शिकून कुणी आजोबा नातवाशी बोलले असते तर मुलीनं फोनच ठेवला असता.

मग ती कादंबरी सापडली. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको. नवरा गेल्यावर दिवा तीच सांभाळते. आता दिवा आपोआप लागणार, जागा सोड, असं सांगायला सरकारी माणूस येतो. बाई स्वतःच गोष्ट सांगते, आणि तिचा लांब वाक्यांवर विश्वास नाही. दोर, वात, कठडा, धुकं असे काही शब्द अवघड होते, पण पुन्हा पुन्हा तेच येत होते. पहिल्या भेटीत परका, तिसऱ्या भेटीत ओळखीचा.

प्रणालीनं मात्र ते पुस्तक लाल डब्याचं ठरवलेलं. वात हा शब्द किती दुर्मीळ, हे तिला मोजता येत होतं. तोच शब्द दहाव्यांदा भेटणाऱ्या माणसाला तो दुर्मीळ राहत नाही, हे मोजायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"सरकारी माणूस दाराशी आला," पारखीबाईंनी उशीचा अभ्रा झटकत सांगितलं.

"मग?" सासूबाई सरसावून बसल्या. "उघडलं का दार तिनं?"

"उद्या सांगते."

"उद्या कशाला? मी काय फी भरून बसलेय तुझ्याकडे? आत्ता सांग!"

सुट्टी संपल्यावर त्यांनी जावईसाहेबांच्या टेबलावर ते पुस्तक ठेवलं. "पहिल्या पातळीला हे वाचणार आहे."

जावईसाहेबांनी संगणकात पाहिलं. "मॅडम, हे लालमधलं आहे."

"डबा तुम्ही रंगवलाय. पुस्तक नाही."

"मागच्या वर्षी काय झालं ते मी काढणार नव्हतो, पण..."

"काढा की. चूक माझीच होती. मी पुस्तकाकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं नाही. तुमची प्रणाली तर दोघांकडेही बघत नाही."

जावईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "लोकांना पुस्तक पूर्ण केल्याचं समाधान मिळालं पाहिजे, मॅडम. अर्ध्यात सोडलेलं पुस्तक घेऊन माणूस घरी जातो तो परत येत नाही. हे मला तुमच्याच वर्गानं शिकवलंय. असं करू, मी येऊन बसतो. जमलं तर ठीक. नाही जमलं, तर हा वर्ग दुसऱ्या मॅडमना देईन."

"या," पारखीबाई म्हणाल्या. "पुढच्या बाकावर बसा. मागून नीट ऐकू येत नाही."

आव मोठा आणला, पण जिना उतरताना त्या पुस्तक पुन्हा मधेच उघडून अवघड शब्द मोजत होत्या. हा वर्ग गेला असता तर पहिल्या पातळीला पुन्हा कुणी त्यांना उभं केलं नसतं.

जावईसाहेब आले आणि खरोखरच पुढच्या बाकावर बसले. ड्रायव्हरकाका उभे राहिले. पारखीबाईंनी पुस्तक मधेच उघडून त्यांच्या हातात दिलं. कठड्यापाशी एक बोट दुमडलं. वातीपाशी दुसरं. मग तिसरं, चौथं. अर्ध्या पानावर धुक्यानं अंगठाही घेतला. मूठ वळली.

पारखीबाईंनी पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. नियम त्यांचाच होता.

ड्रायव्हरकाकांनी पुस्तक छातीशी धरलं. "थांबा बाई. मूठ वळली म्हणजे हरलो, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे मूठ वळली की माणूस कामाला लागतो."

आणि ते पुढे वाचू लागले. उच्चार वाकडेतिकडे, दम भलत्याच ठिकाणी. सरकारी माणूस चावी मागतो. बाई म्हणते, नाही. हा एवढाच शब्द त्यांनी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा जोरात. मागच्या बाकावर एक परिचारिका बसायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिनं विचारलं, "चावी कुठे ती? बाईकडे?" कुणीतरी म्हणालं, खिशात. कुणी म्हणालं, समुद्रात. एका वाक्यात तीन तीन चुका होत होत्या आणि कुणी थांबत नव्हतं.

तास संपला तेव्हा जावईसाहेब शांतपणे म्हणाले, "मूठ वळली, मॅडम. तुमच्याच नियमानं पुस्तक नापास."

"हो," पारखीबाई म्हणाल्या. "नियम चुकला."

"असं ऐन वेळी नियम बदलून कसं चालेल?"

"ऐन वेळी चूक कळली तर ऐन वेळीच बदलायला लागतो. मला कळली. तुम्हालाही दिसली. तुम्ही पुढेच बसला होतात."

जावईसाहेबांनी हिरवा डबा सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "मी एकाला सूट दिली, तर उद्या प्रत्येक शिक्षक आपलं पुस्तक घेऊन येईल. वर्ग दुसऱ्या मॅडमकडे जाईल."

"द्या," पारखीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. "खोली तुमची, वर्ग तुमचा. माझे वरच्या पातळीचे तास ठेवायचे की काढायचे, तेही तुमच्या हातात. सकाळी माझ्या मोकळ्या वेळात मी कुणाबरोबर काय वाचते, ते माझ्या हातात." मग त्या वर्गाकडे वळल्या. "ज्यांना डब्यातली पुस्तकं बरी वाटतात, त्यांनी इथेच राहा. यात कमीपणा काही नाही. काकू, तुम्ही राहा. त्या पिल्लावर तुमचा जीव आहे."

काकू लाजल्या, पण राहिल्या.

"बाई," ड्रायव्हरकाका म्हणाले, "आमच्या बस आगारात चालकांची विश्रांतीची खोली आहे. सकाळच्या गाड्या सुटल्या की माझी गाडी निघेपर्यंत तिथे फक्त एक मोडका पंखा असतो."

ही बातमी सासूबाईंना कळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नोकरी गेली तर घरी बसून मला तरी नीट सांगशील गोष्टी."

"नोकरी गेलेली नाही अजून."

"जाईल. तुझी जीभ बघता जाईलच. डबा करून देते उद्याचा."

विश्रांतीच्या खोलीत डिझेलचा वास होता, भिंतीला टेकवलेली लाकडी बाकं होती आणि दारात टायर. रात्रपाळी संपवून सिस्टर तशीच गणवेशात आली. दाराशी दोन-तीन चालक चहाचे पेले घेऊन उभे राहिले. त्यांना कळत काहीच नव्हतं, पण हलतही नव्हते. त्या सकाळी सरकारी माणूस परत आला होता, आणि या वेळी सोबत त्या बाईच्या मुलीला घेऊन आला होता.

"देऊन टाकावी चावी," सिस्टर स्पॅनिशमध्ये म्हणाली. "मुलगी बोलावते. बाई म्हातारी. एकटी. पडली तर?"

"नाही!" ड्रायव्हरकाका बाकावरून उठले. त्यांनाही आता स्पॅनिशच सुचत होतं. "दिवा तिचा! मुलगी... मुलगी आता आली. काल कुठे?"

"काल काम!"

"काम सगळ्यांना! फोन नाही?"

शब्द सापडला नाही की दोघंही हातवारे करत, आणि सापडला की एकमेकांवर फेकत. दारातले चालक कधी इकडे, कधी तिकडे माना वळवत होते. पारखीबाई भिंतीला टेकून चहा पीत राहिल्या. एकही चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

शेवटी ड्रायव्हरकाका लालबुंद होऊन त्यांच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा. कोण बरोबर?"

"मला असं कळत नाही," पारखीबाई म्हणाल्या. "स्पॅनिशमध्ये विचारा."