पाठमोरे सबनीस आणि मोशीचा ज्ञानोबा

आमच्या कारखान्याच्या क्रिकेट टीमचे किस्से किती साठलेत, विचारू नका. जुनी मंडळी पिंपरीत कुणाच्या लग्नात भेटली, की पंगतीत मठ्ठा येईपर्यंत चार तरी होतातच. माझी तक्रार एवढीच, की सुरुवात कुठूनही करा, गाडी शेवटी मोशीच्या ज्ञानोबावर येऊन थांबते. अहो, ओपनिंगला मी जायचो! ते कुणाच्या लक्षात नाही. म्हणून आज मीच सांगतो.

*

टीम निवडायचे सबनीस साहेब, टाइम ऑफिसचे मुख्य. पन्नास सालानंतरचे दिवस, कारखाना नवा, भरती जोरात. चांगला बॅट्समन सापडला की साहेब त्याला नोकरीला चिकटवत. पण पारखायची तऱ्हा जगावेगळी. मुरमाच्या मैदानावर मॅटिंग अंथरलेलं, बोलर चेंडू टाकतोय आणि साहेब पिचकडे पाठ करून उभे. म्हणायचे, डोळा माणूस बघतो, कान फक्त फटका ऐकतो.

मी साताऱ्याहून आलो तेव्हा तासभर खेळवलं मला. मग वळून म्हणाले, "वसंता, पाय हलल्याचा आवाज एकदाही आला नाही. बॅटचा आला. सोमवारपासून कामावर ये."

*

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. पांढरी फ्लॅनेलची पँट, बगलेत बॅट, तोंडात कॉलेजातल्या शतकांच्या गोष्टी. साहेबांनी बॅट हातात घेतली, उलटसुलट केली. चेंडूचा एक डाग नाही.

"रोज पूजा करता का हिची?" साहेबांनी अगदी आदरानं विचारलं. गृहस्थ पुढच्या गाडीनं परत गेले. त्या दिवशी मी पोटभर हसलो, कारण तेही ओपनिंगलाच खेळायचे.

*

मग आला ज्ञानोबा. म्हणजे आला कसला, साहेबांनीच उचलून आणला. साहेब मोशीला कुणाच्या शेतावर हुरडा खायला गेले होते. बांधापलीकडे गावातली मंडळी विटीदांडू खेळत होती. एक टोला कानावर पडला आणि साहेब हातातलं कणीस टाकून उठले. कोण मारतंय ते बघितलंसुद्धा नाही, नुसतं नाव विचारलं.

सोमवारी ज्ञानोबा पॅकिंगमध्ये हजर. मला तासभर घाम गाळावा लागला आणि ह्याला एका टोल्यावर नोकरी. पोटात दुखलं माझ्या, उघड सांगतो.

*

पहिल्या दिवशी पठ्ठ्यानं पॅड उलटे बांधले, पोटऱ्यांवर. मला आयतंच सापडलं. साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, ह्याला पॅडची पुढची बाजू कळत नाही, हा मॅच काय खेळणार?

साहेब म्हणाले, "नडगी उघडी आहे ना, म्हणून बघ कसा प्रत्येक चेंडू बॅटवर घेतोय."

त्यानंतर कँटीनचा आचारीसुद्धा त्याला भजी जास्त वाढायला लागला. मी त्याच्या आधीपासून जेवत होतो तिथं.

*

आता शेवटचा. खडकीच्या टीमशी मॅच होती. वर्षातली मोठी मॅच, सगळा कारखाना बघायला येणार. माझी बायको गावाहून मुद्दाम आलेली. ओपनिंगची एक जागा ठरलेली, दुसरीला मी किंवा ज्ञानोबा. साहेब म्हणाले, भांडू नका, ट्रायल घेऊ. दोघांनी एकाच बोलरला एकेक ओव्हर खेळायची. आधी कोण जाणार ते मला सांगू नका. मी पाठ करतो.

सगळी टीम गोळा झाली. आधी मी गेलो. राव, त्या दिवशी काय लागत होती बॅट! सहाही चेंडू मधोमध. मग ज्ञानोबा गेला. त्याचे दोन कडेला लागले, एक हुकला. मी पॅड सोडायलासुद्धा थांबलो नाही, तसाच साहेबांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

साहेबांनी न वळता निकाल दिला, "पहिला. काही प्रश्नच नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेब वळले, हसत हसत माझ्यासमोरून पुढे गेले आणि ज्ञानोबाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे!"

ज्ञानोबा ओशाळला. टोपी काढून म्हणाला, "न्हाई साहेब. पहिलं वसंतराव व्हते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पिचकडे पाठ केली.

"असं? मग परत ऐकतो."