पांढऱ्या साडीतली नवरी

रायपूरच्या उन्हाळ्यात दुपारी मला धड झोप लागत नाही आणि धड जागही नसते. अशाच एका दुपारी, तेलीबांधा तलावाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर लोळत, मी आईच्या कुरडयांसाठी लोगो करत होते. इतकी वर्षं कुरडया नात्यागोत्यात फुकट वाटल्या, आता पाकिटात घालून विकायच्या होत्या. चित्र काढायचं काम मी मोबाइलमधल्या एआयवर सोपवलं होतं. काय हवं ते लिहायचं, की ते काढून देतं, एवढं माझ्या पोरीने शिकवून ठेवलं होतं.

आईने माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलं नाही. या वेळी मागितलं. "पाकिटावर मले नवरी काढ," ती म्हणाली. तिच्या लग्नाचा एकही फोटो नाही. फोटोवाला आलाच नाही की त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, यावर आई-बाबांचं आजही एकमत नाही. मला तो फोटो तिला द्यायचाच होता, खोटा का होईना.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहते. आईची ती साडी मी लहानपणापासून पाहत आले, पण अंगावर नाही, उन्हात. रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर खाट टाकून आई तिच्यावर ती साडी अंथरायची आणि साडीवर ओल्या कुरडया घालायची. लग्नाची साडी अशी कोणी वापरतं का, म्हणून मावशी करवादायची. आई म्हणायची, "पेटीत ठेवून कोणाले दाखवू? इथं उन्हात तरी दिसते." कावळे हाकलायला मला बसवलेलं असायचं. मी हळूच खाटेखाली शिरून उताणी पडायची. वर सगळा पांढरा उजेड, आणि त्यात कुरडयांच्या सावल्यांची वेटोळी. वारा आला की साडी फुगायची आणि वेटोळी जागेवरच पोहायची. बघता बघता डोळा लागायचा, आणि कावळे खुशाल कुरडया न्यायचे. तितकं शांत मला पुढे कुठेच वाटलं नाही.

तर मी लिहिलं, पांढऱ्या साडीतली मराठी बाई, हातात कुरडयांचं ताट. क्षणात चित्र आलं. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी, नजर जमिनीत. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन जवळ घेतला.

"यानं तर मले मारूनच टाकलं," ते म्हणाले. "मी जित्ता हाय म्हणा त्याले."

मला हसू आलं आणि रागही आला. हसरी कर, मी लिहिलं. बाई हसली, पण विधवाच राहिली. मग नवरी लिहिलं. लगेच साडी लालभडक, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या आणि मागे गणपती. पांढरी म्हणावं तर नवरा मेलेला, नवरी म्हणावं तर साडी लाल. दोन्ही एकत्र लिहिलं, तर चर्चच्या पायऱ्यांवर झगा घातलेली गोरी मड्डम उभी. तिच्याही हातात कुरडया होत्या.

"नानी, लाल वाली ही रख लो ना," पोरगी म्हणाली. "कितनी प्यारी लग रही हो."

आईने फोन हातात घेऊन बराच वेळ निरखला. "सुंदर हाय," ती म्हणाली. "पण हे कोण हाय?" फोन मला परत देऊन ती कुरडया बघायला गच्चीवर निघून गेली.

मीही मागोमाग वर गेले. खाटेवर तीच साडी होती, आता विरलेली, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली, निळा काठ तेवढा शाबूत. तलावाकडून गरम वारा येत होता. काय वाटलं कोण जाणे, गुडघे सांभाळत मी या वयात खाटेखाली शिरले. वर तोच उजेड होता.

"खाली काय करून राहिली?" आईने वाकून विचारलं.

"कावळे हाकलून राहिली."

तिथूनच मी फोटो काढला आणि एआयला दिला. बाई नको, ताट नको, फक्त हे दिसतं तेवढंच काढ. त्याने निमूट काढलं. पांढरा गोल, भोवती निळा काठ, आत एका कुरडईची फिकट सावली.

संध्याकाळी बाबा खुर्चीत पेपर वाचत असताना मी ते आईला दाखवलं. "तुहा चेहरा काही आला नाही यात," मी म्हटलं. बोलताना मलाच वाईट वाटत होतं.

आईने काठावरून बोट फिरवलं. "लग्नात तरी कुठं दिसला होता? मान खालीच होती माही. लोकायनं साडीच पाह्यली."

बाबांनी पेपर खाली घेतला नाही.

"म्या पाह्यला होता," ते म्हणाले.