सात पॉइंट सहा

आमचे सुतार मिस्त्री सुलेमानचाचांनी वेळीच माझा हात धरला, म्हणून आज प्लायची अख्खी शीट वाचली आणि बहुधा माझं कामही. कपाटाची उंची सात फूट सहा इंच. मी कॅल्क्युलेटरवर ७.६ दाबून तीन भाग केले. उत्तर २.५३ आलं, म्हणून दोन फूट पाच इंचांवर खूण करून करवत उचलली.

"अरे मास्तर, फुटात बारा इंच असतात! आधी सगळ्याचे इंच कर." नव्वद भागिले तीन, तीस. माझी खूण इंचभर आखूड होती.

"सातवीतच शाळा सुटली, चाचा."

"मी तर गेलोच नाही!"

हा कॅल्क्युलेटर चुकलेल्यालाही तितक्याच खात्रीनं उत्तर देतं. कामासाठी घरापासून इतक्या लांब आलेल्या माझ्या दमलेल्या डोक्याला त्याचीच धास्ती वाटते. चाचांची नजर अधू होत चाललीय. ती पुरती थकेल, तेव्हा त्यांचं प्रत्येक माप मी वाचून देईन, दोनदा तपासून.