पत्रिकेतून गाळलेले रावसाहेब

माझं लग्न ठरलं तेव्हा इंग्रज जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, पण सोलापुरात आमच्या अज्जांना, म्हणजे आजोबांना, अख्खी गल्ली रावसाहेबच म्हणायची. एका दुष्काळात त्यांनी पदरमोड करून गावोगावच्या जनावरांना चारापाणी केलं, म्हणून इंग्रज सरकारने ही पदवी दिली होती. भाजीवालीसुद्धा "रावसाहेब, मेथी घ्या की" म्हणायची. खरं नाव आम्हा घरातल्यांनाही आठवावं लागे.

सासरे मोहोळचे. इंग्रजांच्या काठ्या खाऊन तुरुंगात गेलेले. साखरपुड्यात जो तो रावसाहेब, रावसाहेब करत होता आणि हे आपले चेहरा आंबट करून बसलेले. इंग्रजांच्या पदवीचाच हा राग, असं माझ्या वडिलांनी धरून चाललं. पुढे लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं, तेव्हा वडिलांची चुळबुळ पाहून अज्जांनी स्वतःच लाल पेन्सिलीने नावामागचं 'रावसाहेब' खोडलं. "पोरीच्या संसारात ह्याची अडचण नको," म्हणाले. मी वडिलांशी कडाकडा भांडले. अज्जा नुसते हसले, आणि ते हसू मला बघवेना.

पत्रिका गेल्या. चौथ्या दिवशी भर दुपारी सासरे एसटीने येऊन दारात उभे. वडिलांचा हात धरून म्हणाले, "कवा गेलं हो रावसाहेब? आमाला कळवायचं न्हाय व्हय?" अज्जांचं खरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं; पत्रिकेत रावसाहेब कुठेच दिसले नाहीत, म्हणजे म्हातारा गेला, असा त्यांनी अर्थ लावला होता.

अज्जा आतून शेंगा फोडता फोडता ओरडले, "मी हितंच हाय की!"

आम्ही पोट धरधरून हसलो. सासरे हसले नाहीत. वडिलांनी चाचरत खरं कारण सांगितलं.

"मला मारलं गोऱ्या सायबानं. ह्यांनी मुकी जनावरं जगवली. मी ह्यांचा राग कशाला धरू?" सासरे म्हणाले. "साखरपुड्याला माझी दाढ लई ठणकत हुती!"

मग त्यांनी उरलेल्या पत्रिका मागून घेतल्या, खिशातलं पेन काढलं आणि अज्जांच्या शेजारी मांडी घालून एकेका पत्रिकेवर 'रावसाहेब' लिहीत बसले. अज्जा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. नवरामुलगा मी एकदाच पाहिला होता. त्या घरी नांदायला मी मनापासून तयार झाले ती त्या दुपारी.