सातव्या डेकवरची पाटीवाली

आधीच सांगते, मी रोह्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. रक्त काढायचं, रिपोर्ट द्यायचा… जे मशीनमध्ये दिसत नाही ते नसतंच, असा माझा खाक्या. लोकांचे असले अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा, मी पण हसले असते.

गेल्या थंडीतली गोष्ट. आईच्या पंच्याहत्तरीनिमित्त भावाने आम्हा दोघींना मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. दोन रात्रींची सफर. आईचं माहेर-सासर दोन्ही पेणच्या खाडीकाठचं, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं, हेच काम. आता ती माझ्याकडे, रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात असते. आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा लाइट गेली आणि ती वीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकली. तेव्हापासून लिफ्टचं नाव काढायचं नाही!

जहाजावर आमची केबिन पाचव्या डेकवर आणि खाण्यापिण्याचा हॉल दहाव्या. पहिल्या दिवशी मी मुकाट्याने तिच्याबरोबर पाच मजले चढले. ती मध्येमध्ये थांबत होती. "दमलीस का?" म्हटलं, तर म्हणे, "दमतंय कोण? गालिचा बघतेय." आणि रोज दहा पेशंट बघणाऱ्या मला ते पटलं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला निघालो तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले होते. मी चिडले. "सगळं जग लिफ्टने जातंय, तूच तेवढी शहाणी!"

"तू जा गो त्या डब्यातून. देवानं पाय दिलेत मला, येते हळूहळू."

आणि मी गेले.

वर इडली घेतली, चहा घेतला. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी आई नाही. ताट तसंच ठेवून जिन्याने धावत खाली उतरले. सातव्या आणि आठव्या डेकच्या मधल्या वळणावर आई पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. चेहरा पांढराफटक, हात गार. नाडी बघितली – मिनिटाला चौतीस. असायला हवी त्याच्या निम्मी.

"आई, कोणाला हाक नाही का मारायची?"

"हाक कशाला? मी थांबलेली. वरून बाय येत होती, डोक्यावर भरलेली पाटी. म्हणून सरकले भिंतीकडं."

मिठागराच्या बांधावर दोघी समोरासमोर आल्या की रिकाम्या बाईने बाजूला व्हायचं. पाटीवाली पुढे गेल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आईच्या हाडात मुरलेली सवय ही.

"मग गेली का ती?"

"नाय ना! हालेचना. म्हटलं, जा गो बाय. तर म्हणते, तू बस आधी. मग काय, बसले."

एवढ्यात खालून एक गोव्याकडचा स्टुअर्ड धावत आला. मगाशी त्यानेच आईला बघून पाणी आणून दिलं होतं आणि डॉक्टरला बोलवायला गेला होता. तो जिन्यात वर बघत म्हणाला, "मॅडम, दूसरी आंटी किधर गयी? मैंने दोनों को पानी दिया था."

कागदी ग्लास दोन होते. आईच्या हातातला अर्धा भरलेला. दुसरा तीन पायऱ्या वर… रिकामा.

जहाजावरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. हार्ट ब्लॉक. म्हणाले, "आणखी दोन मजले चढल्या असत्या तर आपण आत्ता बोलत नसतो." दुसऱ्या सकाळी जहाज मुंबईला लागलं, तिथूनच हॉस्पिटल गाठलं आणि पेसमेकर बसला. आता आई पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जाते, मासळीवाल्यांशी भांडते. ती भांडायला लागली की मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

मी डोकं लढवून पाहिलं. जहाजातले कामगार ओझी घेऊन प्रवाशांच्या जिन्याने जात नाहीत, त्यांची वाट वेगळी असते. मेंदूला रक्त कमी पडलं की माणसाला भास होतात, हेही मला माहीत आहे. पण ते आईचं झालं. त्या स्टुअर्डचा मेंदू तर ठणठणीत होता! नाही, मला काही सांगता येत नाही. मी नाद सोडलाय.

मध्यंतरी एकदा आईला विचारलं, दिसायला कशी होती ग ती?

"तोंड नाय बघितलं. पाय दिसले. मिठानं फुटलेले, माझ्यासारखेच." मग म्हणाली, "एवढं ओझं घेऊन ताटकळली बिचारी. मी इचारलं, पाटी उतरवायला हात लावू काय गो? तर म्हणाली, नको. तुझी लेक येईस्तोवर उभी ऱ्हाते."