आमच्या बाटल्यांना लाल स्टिकर

आमच्या शॉपमधून रोज ट्रक भरून माल बाहेर जातो, किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही. ते इथेच साठतात. जेवणाच्या सुट्टीत एकाने एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि भोंगा होतो तेव्हा नेमकं कोणीतरी "अरे, तो राहिलाच की" म्हणत असतं. त्यातले पाण्याच्या बाटल्यांचे किस्से मी सांगायचे, असं आमच्यात ठरलेलं आहे. कारण सगळ्या भानगडीची सुरुवात माझ्यापासून झाली.

चाकणजवळ आमची कंपनी आहे. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवतो. डॅशबोर्डची झाकणं, दरवाज्यातले खिसे, असलं सगळं. बारा मोल्डिंग मशीन आहेत आणि मी सोळा वर्षं क्वालिटीत आहे. म्हणजे चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत खोट शोधायची आणि सापडली की तिला लाल स्टिकर चिकटवायचा. नवरा म्हणतो, तू घरीही ड्यूटीवरच असतेस. त्याच्या शर्टाची कॉलर मी जरा निरखून पाहिली की तो बिचारा आपणहून शर्ट बदलून येतो.

*

कॅन्टीनमध्ये आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. किसनमामा तिच्यासमोर बसले. मामा जवळच्याच गावचे, आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी सवयीने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. कधीकाळी तिच्यात कोल्ड्रिंक होतं. आता ती इतकी धुरकट झाली होती की आत पाणी आहे की ताक, ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी रक्तदाब राहू दिला आणि विचारलं, ही किती दिवस वापरताय? मामा अभिमानाने म्हणाले, सहा वर्षं.

मग तिने सगळ्यांनाच नीट समजावलं. ही बाटली एकदा वापरायची असते. उन्हात किंवा गरम जागी राहिली, घासून चरे पडले, तर प्लास्टिकमधलं थोडंफार पाण्यात उतरू शकतं, बारीक कणही सुटतात. त्याने शरीराचं नेमकं किती नुकसान होतं, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण टाळता येतंय तर टाळावं. बाटली उष्णतेपासून लांब ठेवा, जुनी झाली की टाकून द्या.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, आमी तीस वरसं पिलास्टिकातच हाय," ते म्हणाले. "ते आता आमाला घरचं समजतंय."

*

सगळे हसले, पण मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी बॅटरी आणि भिंग घेऊन शॉपमध्ये फिरले. आमच्याकडे प्रत्येकाची बाटली मशीनपाशी असते. दर पन्नास सेकंदांनी पार्ट बाहेर पडतो, तो उचलायलाच लागतो, आणि पाण्याचा कूलर कॅन्टीनच्या टोकाला. जागा सोडून पाणी प्यायला जाणार कोण? त्यातून बाटल्या ठेवायची आवडती जागा म्हणजे मशीनची पाठ, जिथे प्लास्टिक वितळतं. हात लावला तर गरम लागते.

मी एकेक बाटली उजेडात धरली. चरे, रिजेक्ट. वास, रिजेक्ट. बूड चेपलेलं, रिजेक्ट. तासाभरात जवळजवळ सगळ्या बाटल्यांवर लाल स्टिकर! इतका वाईट लॉट मी सोळा वर्षांत पाहिला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती.

जेवून परत आले तर माझ्या टेबलावर माझीच बाटली आडवी. तिच्यावर लाल स्टिकर, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: झाकणाला भेग, आत शेवाळ. खाली सही, बबन.

भेग होती हो. शेवाळाचं मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.

*

हा बबन लातूरकडचा. ग्राइंडर चालवतो. म्हणजे आमचा खराब निघालेला माल दळून त्याचा चुरा करायचा, तो चुरा थोडा थोडा नव्या मालात मिसळला जातो. माणूस एकदम इमानी. जमिनीवर पडलेला तुकडाही वाया जाऊ देत नाही.

दोन दिवसांनी सात नंबरचं मशीन तुंबलं. नोझलमधून काही बाहेरच येईना. मेन्टेनन्सवाल्यांनी ते खोललं तर आत न वितळलेल्या पारदर्शक कपच्या. आमचं प्लास्टिक ज्या उष्णतेला पातळ होतं, त्या उष्णतेला पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक ढिम्म हलत नाही, हे आमच्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. मग हे आत गेलं कसं?

मॅनेजर साहेब ग्राइंडरच्या खोलीत गेले. कोपऱ्यात बाटल्यांची सोललेली लेबलं नीट गठ्ठा करून ठेवलेली. बबनने बाटल्या धुऊन, लेबलं काढून, व्यवस्थित दळल्या होत्या. साहेबांचा पारा चढला. अर्धी शिफ्ट एक मशीन बंद, आणि हा समोर हात बांधून उभा.

"साहेब," बबन म्हणाला, "म्याडमनी रिजेक्ट केल्याला माल म्या कंदी फेकून दिलाय का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावरचा सेफ्टीचा तक्ता वाचायला लागले.

*

मग प्रश्न आला की आता पाणी आणायचं कशात?

काच शॉपमध्ये चालत नाही, ते ठीकच आहे. पण आमच्या गेटवर स्टीलसुद्धा चालत नाही. फार पूर्वी कोणीतरी स्टीलच्या बाटलीत पार्टमध्ये बसवायचे पितळी इन्सर्ट भरून बाहेर नेले होते, बोटाच्या पेराएवढे असतात ते. तेव्हापासून नियम आहे: बाटली पारदर्शकच हवी. आणि गेटवर सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्यूटीवर. त्यांनी एकदा मॅनेजर साहेबांचाच डबा उघडायला लावला होता. आत कारल्याची भाजी निघाली, तेव्हा "जाऊ द्या" म्हणाले, तेही सहानुभूतीने.

किसनमामा तांब्याचा तांब्या घेऊन आले. सुभेदारांनी अडवला. मामा म्हणाले, वरून तोंड उघडं आहे, वाकून बघा. सुभेदार म्हणाले, उद्या तीनशे जण तांबे आणतील, मग मी दिवसभर वाकूनच राहू का?

शेवटी सगळ्यांनी पुन्हा वापरता येतील अशा जाड, चांगल्या बाटल्या आणल्या. मशीनपासून लांब, पंख्याखाली एक रॅक लावला. बबनच्या ग्राइंडरमधून वाचलेल्या मामांच्या जुन्या बाटलीत आता त्यांच्या अंगणातल्या मनीप्लांटची फांदी आहे. मला वाटलं, मिटलं.

*

मिटलं नव्हतं. चार नंबरवर उज्ज्वला आहे. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेले. आता पाचवा महिना लागला होता, आणि तो पाचवा आहे हे शॉपमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. तिला उभं राहायला लागू नये म्हणून आम्ही तिला मशीनशेजारी तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं.

मे महिना होता. एका दुपारी ती टेबलाची कड धरून बसली, चेहरा पांढरा. फर्स्ट एडच्या खोलीत नेलं, नर्सने विचारलं पाणी किती पिता, तर म्हणाली, सकाळी घरी पिते आणि मग घरी गेल्यावर. म्हणजे मशीनच्या त्या धगीत आठ-नऊ तास एक घोट नाही!

मी विचारलं, का गं?

"म्याडम, तुमीच तर लाल लावलं ना माझ्या बाटलीला."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी गंमत म्हणून फिरले होते आणि हिने ते जिवाला लावून घेतलं होतं. नवी बाटली तिने आणलीच नव्हती. नवी असली तरी प्लास्टिकच ना, म्हणाली. मी त्याच डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला. डॉक्टरांनी सांगितलं, बाटलीचं नुकसान शक्यतेतलं आहे, पाणी न पिण्याचं नुकसान समोर दिसतंय, कशातूनही पी पण पी. उज्ज्वलाने हो हो केलं. आणि पुढचे तीन दिवस तिच्या टेबलावर पाणी नव्हतं.

"त्या दोन्ही बारीला मी समद्यांचं ऐकलं," ती मला हळूच म्हणाली. "आता जे माझ्या हातात हाय, तेवढं तरी करू द्या."



मग सगळे कामाला लागले. किसनमामा आपल्या चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमधून स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून आणायचे. कूलरपासून चार नंबरपर्यंत निम्मं पाणी जमिनीवर. बबनने तोच उद्योग सुरू केला, पण पळत. दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरने फरशी ओली म्हणून दोघांना थांबवलं, आणि कोण कशासाठी पाणी नेतंय हे कळल्यावर स्वतः एक पेला नेऊन दिला. पण असं दिवसातून किती वेळा होणार? ऊन तर वाढतच होतं.

मी मॅनेजर साहेबांकडे गेले. ते म्हणाले, स्टीलच्या बाटलीला माझी हरकत नाही, पण गेट सुभेदारांचं.

*

सुभेदारांकडे मी एकटीच गेले. मी सगळं सांगितलं, माझ्या स्टिकरसकट. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, नियम स्टीलचा नाही, आत काय आहे ते दिसण्याचा आहे. येताना बाटली रिकामी दाखवायची, पाणी आत भरायचं, आणि जाताना रिकामी दाखवायची, उलटी करून. मी तिथल्या तिथे कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला स्टीलची बाटली घेऊन आली. साडेतीनला शिफ्ट सुटली. तळेगावची बस गेटशी उभी. आमच्या बसचे ड्रायव्हर शिंदे एक मिनिट थांबत नाहीत. एकदा ते खुद्द एचआरच्या साहेबांना सोडून गेले होते. बसमधल्या निम्म्यांना पुढे स्टेशनवर लोकल धरायची असते, त्यामुळे शिंद्यांना कोणी नावं ठेवत नाही. सगळे चढलो. गेटवर राहिली उज्ज्वला.

सुभेदारांनी बाटली हलवली. आत पाणी वाजलं. अर्ध्याहून जास्त होतं.

उज्ज्वला ओशाळली. कामात राहून गेलं म्हणाली आणि बाटली घेऊन कुंड्यांकडे निघाली.

"ओतायचं नाही," सुभेदार म्हणाले.

"मग?"

"प्यायचं. तसा नियम आहे."

असा नियम कंपनीत कुठेही लिहिलेला नाही. सोळा वर्षांत मी तरी वाचलेला नाही.

ती म्हणाली, बस जाईल. तेवढ्यात शिंद्यांनी हॉर्न दिलाच. सुभेदारांनी बसकडे पाहिलं, चालत गेले आणि बससमोरचा अडसर खाली टाकला. मग केबिनमधून स्वतःची खुर्ची आणून सावलीत ठेवली. उज्ज्वला बसली. एका हाताने पदर सावरत तिने बाटली तोंडाला लावली.

खिडक्यांतून आम्ही सगळे बघत होतो. किसनमामांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "दमानं, पोरी. ठसका लागंल."

मागच्या सीटवर कोणीतरी घड्याळ पाहिलं आणि हात खाली घेतला. लोकल आता मिळणार नव्हती. शिंद्यांनी आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.